‘शेक हँड’च्या आधीचा धडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत पाळीव कुत्र्यांविषयी बरेच लिहून येत आहे. लिफ्टमध्ये कुत्रा न्यावा की नाही, सोसायटीच्या आवारातली घाण कोणी उचलायची, महापालिकेचा परवाना किती जणांनी काढला आहे, या प्रश्नांवर दोन्ही बाजू तावातावाने मांडल्या जात आहेत. ते प्रश्न खोटे नाहीत. पण त्या सगळ्या पत्रांत कुत्रा दिसतो तो शेजाऱ्याच्या नजरेतून. मांजराचा तर उल्लेखही नाही, कारण ते लिफ्टने जात नाही. घराच्या आत त्या जनावराचे काय चालले आहे आणि आजारी पडल्यावर त्याचे काय होते, यावर कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे पत्र पाठवीत आहे.

मी पशुसंवर्धन विभागात व्रणोपचारक म्हणून बत्तीस वर्षे नोकरी केली. हे पद पुष्कळांना ठाऊक नसते. डॉक्टर तपासतात, टोचतात, शिवतात. ते त्यांना करता यावे म्हणून जनावर धरणारा, जखम धुणारा, पट्टी बांधणारा तो व्रणोपचारक. गावाकडे लोक आम्हांला नुसते ‘मामा’ म्हणत. गाईम्हशींसाठी दवाखान्याच्या आवारात लोखंडी खोडा असतो. जनावर आत घेतले आणि मागचा दांडा सरकवला की निम्मे काम झाले. कुत्र्यामांजरांना खोडा नसतो. त्यांना माणसाच्या हातांनीच धरावे लागते, आणि ती धरू देतील की नाही, हे दवाखान्यात येण्याच्या कितीतरी आधी घरात ठरून गेलेले असते. निवृत्तीनंतर मुलाकडे शहरात राहायला आलो आणि ओळखीच्या एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात सकाळचे दोन-तीन तास मदतीला बसू लागलो. तिथे रोज जे पाहतो, त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की पाळीव जनावराचे आरोग्य आणि त्याचे शिक्षण ही दोन निराळी खाती आपण मानतो, तिथेच आपली मोठी चूक होते. ज्या जनावराने अंगाला हात लावू देण्याचे शिक्षण घेतलेले नाही, त्याच्यावर चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरलाही धड उपचार करता येत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. चार वर्षांचा, धष्टपुष्ट, पिवळट रंगाचा एक लॅब्रॅडॉर घेऊन एक कुटुंब आले. मुलीने मोठ्या कौतुकाने त्याला ‘सिट’ म्हटले, तो बसला. ‘शेक हँड’ म्हटले, त्याने पंजा दिला. बोटाची पिस्तूल करून ‘ठो’ म्हटले, तर तो चक्क आडवा पडला. वाट पाहत बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांनी त्याचा डावा कान नुसता उचलायला हात पुढे केला आणि त्याच कुत्र्याने दात दाखवले. ‘घरी एकदम शांत असतो हो, कधीच चावत नाही,’ असे वडील म्हणत होते, आणि ते खरेही असेल, कारण घरी त्याचा कान चार वर्षांत कोणी उचललाच नव्हता. आठ-दहा दिवस तो मान तिरकी करून डोके झटकत होता. कानाला घाण वास येतो, हे लांबूनच कळत होते. शेवटी जाळीच्या पट्टीने तोंड बांधले, तरी तिघांना आवरेना, म्हणून वजन करून भुलीचे इंजेक्शन द्यावे लागले. कानात निघाले काय, तर एक कुसळ. पावसाळा सरल्यावर आपल्या माळरानावरचे कुसळी गवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत घुसतात. त्यांची ठेवण अशी असते की ती पुढे सरकतात, मागे येत नाहीत. पहिल्या दिवशी कान पाहिला असता तर कदाचित ते चिमट्याने अलगद निघाले असते. दहाव्या दिवशी पू झाला होता, पडदा दुखावला होता, आणि भूल, औषधे व फेऱ्या मिळून खर्च काही हजारांत गेला.

हे सांगताना मी स्वतः शहाणा ठरलो, असे मुळीच नाही. आमच्या घरी पाच वर्षांचा एक बोका आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो दिवसभर आपल्या रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, बाहेर येऊन अंग चाटत होता आणि पुन्हा आत जात होता. इतकी वर्षे जनावरांत काढलेल्या माझ्या मनाने निदान केले की त्याला बद्धकोष्ठ झाले आहे, आणि मी त्याला चमचाभर तूप दिले. संध्याकाळी सुनेने ट्रे साफ करताना सांगितले की रेती सकाळपासून कोरडी आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, मूत्राशय दगडासारखे होते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयच बंद पडू शकते. यात एक-दोन दिवसांत जनावर जाते. म्हणजे ही सकाळपर्यंत थांबण्याची गोष्ट नव्हती.

मग खरी परीक्षा सुरू झाली. मांजर न्यायची जाळीदार पेटी माळ्यावर होती. ती वर्षातून एकदा, लस टोचण्यापुरती खाली येत असे. पेटीचा खडखडाट ऐकताच बोका पलंगाखाली, तिथून कपाटामागे, तिथून स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या फटीत. पाऊण तास आम्ही तिघे त्याच्यामागे होतो. अखेर मी हात घालून ओढला, तेव्हा त्याने माझ्या अंगठ्याखालच्या मांसल भागात दात रुतवले. वेदनेने कळवळणारे पोट आणि त्यावर आमची ती ओढाताण, त्याने दुसरे काय करायचे होते? दवाखान्यात भूल देऊन नळी घातली आणि तो वाचला. माझा हात मात्र दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत सुजला, कारण मांजराचे दात बारीक आणि लांब असल्याने जंतू खोलवर जाऊन बसतात. बोक्याला रेबीजची लस दिलेली होती, तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याने मी इंजेक्शने घेतली. त्या दिवसापासून ती पेटी हॉलच्या कोपऱ्यात दार उघडे ठेवून पडलेली आहे. आत बायकोच्या जुन्या सुती लुगड्याची घडी आहे, आणि पहिले दोन महिने बोक्याचे रात्रीचे खाणे तिच्यातच वाढले जाई. इतके सोपे काम बत्तीस वर्षे जनावरे धरणाऱ्या माणसाला आधी सुचले नव्हते, याची लाज वाटते, म्हणून सांगतो आहे.

हे शिक्षण कधी द्यायचे, याचे उत्तर पिल्लाच्या वाढीतच आहे. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत असा काळ असतो की त्या वेळी जे दिसते, ऐकू येते, अंगाला लागते, ते त्याला जगाचा नेहमीचा भाग वाटते. मांजराच्या पिल्लात हा काळ आणखी आधी येतो आणि लवकर संपतो, दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या सुमारास. नंतर शिकवता येत नाही असे नाही, पण नंतर प्रत्येक नव्या गोष्टीकडे आधी संशयाने पाहिले जाते आणि कष्ट दसपट लागतात. आपल्याकडे नेमका हाच काळ दोन बाजूंनी वाया जातो. पहिली बाजू विक्रीची. कुत्र्यांच्या पैदाशीविषयी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात ‘तीस दिवसांचे आहे, लगेच माया लावते’ असे सांगून खोक्यातून पिल्ले हातात ठेवली जातात. चावताना किती जोर लावायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकते; जोरात चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबतो. ती शाळा महिन्यातच सुटलेले पिल्लू पुढे मुलांच्या पोटऱ्या फोडते आणि मग ‘जातच तापट आहे’ असा शिक्का बसतो.

दुसरी बाजू लसीकरणाची आहे, आणि ती जास्त अवघड आहे, कारण तिथे पालकांची भीती रास्त असते. पार्व्हो हा आजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचा वास आयुष्यभर विसरता येत नाही. आदल्या दिवशी खेळणारे पिल्लू उलट्या करू लागते, पाठोपाठ रक्ताचे जुलाब, आणि चोवीस तासांत त्याची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, इतके पाणी अंगातून गेलेले असते. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, नुसत्या फिनेलने मरेलच असे नाही. त्याला ब्लीचिंगचे पाणी लागते. लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यावी लागते. इतके डोस का, असे लोक विचारतात आणि डॉक्टर पैसे काढतात असा संशयही घेतात. कारण असे आहे की आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे असते आणि तीच लसीला निष्प्रभ करते. ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून ती ओसरेपर्यंत टप्प्याटप्प्याने टोचत राहावे लागते. शेवटचा डोस चुकवणे म्हणजे आधीचे सगळे पाण्यात घालण्यासारखे होऊ शकते.

आता गंमत पाहा. लस पूर्ण होते सोळाव्या आठवड्याला आणि शिकण्याची खिडकी मिटू लागते चौदाव्याला. जबाबदार म्हणवणारे घर ‘इंजेक्शने पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचे नाही’ म्हणून पिल्लाला बाल्कनीत ठेवते, आणि चार महिन्यांनी पूर्ण लस घेतलेले पण रिक्षा, छत्री, हेल्मेटवाला माणूस, काठी घेतलेले आजोबा यांपैकी काहीही न पाहिलेले जनावर रस्त्यावर उतरवते. त्याला दवाखाना माहीत असतो तो सुईपुरता. यातून वाट आहे आणि ती फुकट आहे. पिल्लू जमिनीवर सोडायचे नाही, पण कडेवर किंवा पिशवीत घालून जग दाखवायचे. भाजीबाजाराच्या कडेला दहा मिनिटे उभे राहावे, शाळा सुटताना फाटकाबाहेर थांबावे, ज्यांच्या घरी लस घेतलेला निरोगी कुत्रा आहे अशा नातेवाइकांकडे जाऊन बसावे. आणि दवाखान्यात कधीतरी नुसते वजन करायला न्यावे: टोचायचे नाही, तपासायचे नाही, काट्यावर ठेवायचे, चिकनचा तुकडा द्यायचा आणि परत यायचे. आमच्याकडे एक ताई आपले देशी पिल्लू असे चार वेळा घेऊन आल्या होत्या. ती कुत्री आता दीड वर्षाची आहे. दाराशी आली की आपण होऊन काट्यावर चढून बसते आणि खाऊ मिळेपर्यंत उतरत नाही.

घरी काय करायचे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच ‘आम्हीही करतो हो’ म्हणून लोक घाई करतात. रोज संध्याकाळी, जनावर खेळून दमलेले असताना, दोन मिनिटे पुरतात. एका हातात उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे घ्यावेत. शाकाहारी घर असेल तर कुत्र्यासाठी पनीरचे किंवा काकडीचे. पहिले काही दिवस कानाला नुसते बोट लावायचे आणि लगेच तुकडा द्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, मग खाऊ. बहुतेक लोक आधी खाऊ दाखवून गुंतवतात आणि मागून चोरून कान धरतात. त्यामुळे खाऊ दिसला की आता काहीतरी वाईट होणार, हे जनावर शिकते. बोट सहन होऊ लागले की कान उचलायचा, मग आत पाहायचे, मग ओल्या कापसाने बाहेरची पाळी पुसायची. असेच ओठ वर करून दात, पंजा धरून एकेक बोट, शेपटी उचलून खालचा भाग, पोटावरून हात. जनावराने मान फिरवली, ओठ चाटले किंवा अंग ताठ केले, तर तो नकार समजून आदल्या पायरीवर यावे. तोंडाच्या जाळीसाठी, म्हणजे मझलसाठी, हाच मार्ग आहे: आतून दही लावून ती समोर धरायची आणि नाक त्याने स्वतः घालायचे. जाळी ऐसपैस, तोंड उघडून धापता येईल अशी हवी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापूनच अंग थंड करतो. उन्हाळ्यात तोंड आवळून बांधलेला कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत तर आधीच श्वासाची मारामार असते.

आज्ञांच्या बाबतीत एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. घरात सगळे एकमेकांशी मराठी बोलतात, पण कुत्रा समोर आला की इंग्रजी सुरू होते. तेही एकमताने असते तर हरकत नव्हती. मुलगा ‘सिट’ म्हणतो, आई ‘सिट डाऊन’ म्हणते, आजी ‘बैस रे बाळा’ म्हणतात आणि बाबा नुसतेच बोट दाखवतात. कुत्र्याला भाषा नव्हे, ठरलेला आवाज कळतो. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ आणि ‘सोड’ हे चार शब्द घरातल्या सर्वांनी एकाच पद्धतीने वापरले तर सामान्य घराचे भागते. त्यातला ‘सोड’ तर जीव वाचवणारा आहे, कारण तोंडात उंदराच्या औषधाची वडी असो की रस्त्यावरचे हाड, ते त्याने स्वतः टाकले पाहिजे; आपण ओढायला गेलो तर तो गिळतो.

मारण्याविषयी थोडक्यातच लिहितो. ऑफिसातून संध्याकाळी आल्यावर, दुपारी केलेल्या लघवीत कुत्र्याचे नाक घासणारी माणसे मी सुशिक्षित घरांत पाहिली आहेत. कृती आणि तिचे फळ यांत काही क्षणांपेक्षा जास्त अंतर पडले की जनावराला त्यांचा संबंध लागत नाही. त्याला इतकेच कळते की मालक दारातून आला की मार बसतो. काही शिकवणारे गळ्याला काच बसणारी साखळी ओढून कुत्र्याचे गुरगुरणे बंद करून दाखवतात आणि मालक खूश होतात. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती मारून बंद केलेला कुत्रा सरळ चावतो, हे माझ्या डाव्या हातावरच्या वणांनी मला शिकवले आहे.

अंगाला हात लागू लागला की किती गोष्टी वेळेवर कळतात, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या हवेत वर्षभर त्रास देणारी गोष्ट म्हणजे गोचीड. ती रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते, म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरही पाहावे लागते. तिच्यातून होणारा गोचीड-ताप सुरुवातीला फार गुपचूप येतो: खाणे थोडे कमी, जिना चढताना दम. जो मालक रोज ओठ उचलून पाहतो, त्याला हिरड्यांचा गुलाबी रंग फिका झाल्याचे किंवा त्यांवर लाल ठिपके आल्याचे त्याच दिवशी दिसते, आणि रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट फार खाली जाण्याआधी औषध सुरू होते. ज्याच्या तोंडाला कोणी हात लावत नाही, तो नाकातून रक्त आल्यावर येतो. तपमान घेण्याचीही सवय हवी. कुत्र्याचे नेहमीचे तपमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असते, त्यामुळे हाताला गरम लागले म्हणून घाबरू नये आणि नाक ओले आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. मादीच्या आचळांजवळची हरभऱ्याएवढी गाठ, दाढेवर चढलेला पिवळा थर, बोटांत रुतलेले वाढीव नख, हे सगळे हातालाच कळते. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत; लागत नसतील तर ते बाळसे नसून लठ्ठपणा आहे.

इथे घरगुती मायेविषयीही दोन शब्द. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की कुत्र्याला तूप नाकारणे आपल्याला पाप वाटते. पण दिवसभर फ्लॅटमध्ये झोपणाऱ्या पगला ते तूप स्वादुपिंडाच्या सुजेकडे नेऊ शकते. आपल्या आमटीभाजीतला कांदा आणि लसूण कुत्रा-मांजर दोघांच्याही रक्तपेशी फोडतात, बेदाणे-मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी असल्याने त्याला दूधभातावर वाढवणे म्हणजे त्याला हळूहळू आंधळे करणे किंवा त्याचे हृदय दुबळे करणे आहे, कारण त्याला लागणारे टॉरिन नावाचे पोषकद्रव्य मांसामाशांतूनच मिळते. सर्वांत वाईट म्हणजे माणसांच्या गोळ्या. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची सोय मांजराच्या यकृतात नसते. अंग गरम लागते म्हणून मायेने दिलेली पाव-अर्धी गोळी त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्यासाठी आणलेले गोचिडांचे परमेथ्रिनयुक्त औषध घरातल्या मांजरालाही लावणे, हा त्याच जातीचा अपघात.

हात लावण्याच्या माझ्या या आग्रहाला एक अपवाद आहे आणि तो ठळकपणे सांगायला हवा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वस्तीवर म्हैस लाळ गाळत होती, गिळत नव्हती. घशात काही अडकले असेल म्हणून मालकाने कोपरापर्यंत हात घालून पाहिले होते, पाठोपाठ मीही पाहिले. दोन दिवसांनी ती म्हैस मेली, तोवर तिची लक्षणे स्पष्ट झाली होती: रेबीज. मालकाने, त्याच्या मुलाने आणि मी सुया घेतल्या. कुत्र्यातही असेच होते. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो आणि लोकांना वाटते हाड अडकले. गिळता न येणाऱ्या, वागणे एकाएकी बदललेल्या जनावराच्या तोंडात, ते कितीही लाडके असले तरी, उघडा हात घालू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस काय, जनावर काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. आणि तरीही तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि दरवर्षी एक, एवढ्याने पाळीव जनावरापुरता तो टळतो. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा खासगी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट भरण्याचा प्रकार अजूनही होतो, तो करू नये. आपल्या शेजारच्या गोव्याने घरोघरी आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचून २०२१ साली राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. तिथे भटक्या कुत्र्यांना जाळ्यात धरून टोचणाऱ्या मंडळींचे कौतुक करताना, आपले गळ्यात पट्टा असलेले कुत्रे सुईला का उभे राहत नाहीत, हा प्रश्न मनात येतोच.

जातीच्या हौसेबद्दल कोणाला दुखवायचे नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. कारवान किंवा मुधोळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या शिकारी कुत्र्याचे २००५ साली टपाल तिकीट निघाले, तेव्हापासून शहरांतही त्याची मागणी वाढल्याचे दिसते. उन्हाळा सोसणारे, काटक जनावर म्हणून ते बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीपेक्षा आपल्या हवेला केव्हाही चांगले. मात्र परक्याने अंगाला हात लावलेला त्याला मुळातच आवडत नाही. असे पिल्लू घरी आणणाऱ्याने वर सांगितलेली दोन मिनिटे चार करावीत.

आपल्या दैनिकामार्फत पशुवैद्यकांना माझी एक विनंती आहे, आणि ती करण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो. लसीकरणाच्या पुस्तिकेत तारखांच्या रकान्यांशेजारी ‘कान पाहू देतो’, ‘तोंड उघडू देतो’, ‘पंजा धरू देतो’, ‘जाळी घालू देतो’ असे चार रकाने छापून घ्यावेत आणि प्रत्येक डोसाच्या वेळी ते भरावेत. गर्दीच्या वेळी डॉक्टरांना हे सांगत बसायला फुरसत नसते, हे मी रोज पाहतो. रकाना रिकामा दिसला तर पालक आपण होऊन विचारतील. आणि वजनकाटा आतल्या खोलीतून काढून दाराजवळ ठेवावा, म्हणजे नुसते वजन करायला येणाऱ्याला नंबर लावून तासभर बसावे लागणार नाही. आमच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात तो हलवला. आधी कोणी नुसते येत नसे; परवाच्या शनिवारी पाच जण येऊन गेले, त्यांत एक मांजर होते, पेटीतच बसून काट्यावर चढलेले.

आपला नम्र,
एक निवृत्त व्रणोपचारक
पुणे